‘पैसे देत होतो, तरी मासे दिले नाहीत’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. शोभेच्या समुद्री माशांसाठी तुम्ही घेतलेली नवी तीन फुटी, खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन दीड महिना झाला होता. रविवारी तुम्ही घरच्यांसोबत दुकानात आलात आणि क्लाउनफिशची जोडी, ब्लू टँग, मँडरिन आणि सिक्सलाइन रास असे मासे मागितलेत. आम्ही एक फायरफिश आणि पिस्तूल कोळंबीसोबत एक पिवळा वॉचमन गोबी मासा, एवढंच दिलं. बाकीसाठी तीन-चार आठवड्यांनी या म्हणालो. तुमची तक्रार अशी की गिऱ्हाइकाला फेऱ्या मारायला लावण्याची ही युक्ती आहे, काउंटरवरचा मुलगा उद्धट आहे, दुसऱ्या दुकानात सगळे मासे एका दिवसात मिळाले, आणि आमचा फायरफिश आठवड्यात मेला म्हणजे तो आजारीच होता.

फायरफिशपासून सुरू करतो, कारण तो आमच्याच दुकानातून गेला होता. तो आमच्याकडे महिनाभर वेगळ्या टाकीत होता, गोठवलेलं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि कोरडे दाणे दोन्ही खात होता, आणि तुमच्यासमोर खायला घालून दाखवल्यावरच पिशवीत भरला. तुम्हीच लिहिलंय की तो टाकीच्या मागे फरशीवर वाळलेला सापडला. आजाराने मरणारा मासा तळाशी पडून किंवा पृष्ठभागाशी धापा टाकत मरतो. फरशीवर सापडलेला फायरफिश उडी मारून बाहेर गेलेला असतो. समुद्रात हा मासा आपल्या बिळाच्या वर तरंगत राहतो आणि धोका दिसताच आत शिरतो. बिळाची वाट कुणी अडवली, तर त्याच्यापुढे एकच दिशा उरते, ती म्हणजे वर. म्हणूनच बिलावर ‘जाळीचं झाकण लावल्याशिवाय सोडू नका’ असं हाताने लिहून दिलं होतं. तुम्ही बिलाचा फोटो जोडलाय, त्यातही ती ओळ वाचता येते.

त्याची वाट कुणी अडवली हे तुमच्या टाकीच्या फोटोत दिसतं. बाकीच्या माशांसोबत स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला तो काळा, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा डॉमिनो डॅमसेल डाव्या खडकाच्या कपारीसमोर आडवा उभा आहे. ती कपार फायरफिशने पहिल्या दोन दिवसांत स्वतःसाठी निवडली होती, असं तुम्ही फोनवर आनंदाने सांगितलं होतं. पिल्लू असताना डॉमिनो गोंडस दिसतो. तो पाच इंचांपर्यंत वाढतो आणि जसा वाढतो तसा टाकीतल्या प्रत्येकाला मारत सुटतो. दुकानात तो सगळ्यात स्वस्त समुद्री माशांपैकी एक आहे, आणि आम्ही तो लहान टाकीसाठी देत नाही.

इथेच खरा मुद्दा आहे. समुद्री टाकीत कोणते मासे आहेत याला जेवढं महत्त्व, तेवढंच ते कोणत्या क्रमाने आले यालाही. रीफवरचे, म्हणजे प्रवाळ खडकांवरचे, बरेचसे लहान मासे जागेवर हक्क सांगणारे असतात. कुणाची एखादी कपार, कुणाचा वाळूचा हातभर तुकडा. समुद्रात हरलेला मासा पोहत पुढच्या खडकावर जातो. तीन फूट काचेत पुढचा खडक नसतो. त्यामुळे जो आधी येऊन स्थिरावतो त्याला ती सगळी टाकी आपली वाटते आणि नंतर येणाऱ्याला तो घुसखोर समजतो. लाजऱ्या माशाला आधी सोडलं, त्याला लपायची जागा सापडू दिली, तो निर्धास्तपणे बाहेर येऊन खायला लागला, की नंतर थोडा तापट मासा आला तरी दोघांचं जमतं. तेच दोन मासे उलट्या क्रमाने, किंवा एकाच संध्याकाळी, सोडले तर लाजरा मासा उपाशी मरतो किंवा उडी मारतो. मासे तेच असतात, टाकी तीच असते.

तुमच्यासाठी आम्ही जो क्रम ठरवला होता तो काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला सांगितला होता. इथे पुन्हा लिहितो, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल. आधी फायरफिश आणि वॉचमन गोबी. गोबी वाळूत कोळंबीने खणलेल्या बिळात राहतो. कोळंबीला फारसं दिसत नाही, ती मिशी गोबीच्या अंगाला टेकवून काम करते आणि गोबी शेपटी हलवून तिला धोक्याची खूण देतो. तुम्ही लिहिलंय, ‘दिवसभर भोकात बसणारा मासा गळ्यात मारला.’ सर, त्याला पंधरा दिवस शांतता द्या आणि समोर खुर्ची टाकून बसा. टाकीत यासारखं बघण्याजोगं फार थोडं असतं. त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी एक रॉयल ग्रामा मासा किंवा बंगाई कार्डिनल माशांची जोडी. मग क्लाउनफिश. सगळ्यात शेवटी, हवाच असेल तर, सिक्सलाइन.

क्लाउनफिश पहिल्याच दिवशी का दिले नाहीत, हे तुमच्या मुलीला समजावणं अवघड होतं, ते मला मान्य आहे. पण क्लाउनफिश दिसतो तितका गरीब नाही. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, आणि एकदा ती मादी स्थिरावली की टाकीचा एक कोपरा तिचा होतो. तिथे हात घातला तर हातालाही चावते. दीडशे लिटर पाण्यात तिच्या आधी लाजऱ्यांना जागा मिळालेली बरी. शिवाय आम्ही क्लाउनफिश समुद्रातून पकडलेले घेत नाही, हॅचरीत जन्मलेलेच ठेवतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने भारतात त्यांच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच बसवलंय. ते मासे काटक असतात, महिनाभर थांबले तरी कुठे पळून जात नाहीत. आणि त्यांना ॲनिमोन (समुद्रात ते ज्याच्यात राहतात तो फुलासारखा प्राणी) लागतोच असं नाही. नव्या टाकीत तर ॲनिमोन ठेवूच नका.

ब्लू टँगबद्दल आमचं उत्तर ‘नंतर या’ असं नव्हतं, ‘या टाकीत नाही’ असं होतं. दुकानात तो दोन इंचांचा दिसतो, पूर्ण वाढला की फूटभर होतो. दिवसभर लांब पल्ल्यावर पोहणाऱ्या या माशाला सहा फुटांची टाकी लागते. ताण आला की पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यालाच आधी होतो. तुमच्या शेवटच्या फोटोत त्याच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे ठिपके दिसतायत.

मँडरिन. रिव्ह्यूत तुमचा सगळ्यात जास्त राग यावर आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. मँडरिन दिवसभर खडकावरचे कोपेपॉड (‘पॉड’ म्हणतात ते अगदी बारीक जीव) एकेक करून टिपत असतो. बहुतेक मँडरिन दाणे किंवा गोठवलेलं अन्न ओळखतच नाहीत. दीड महिन्याच्या टाकीत हे जीव इतके वाढलेलेच नसतात. पाणी उत्तम, तापमान उत्तम, आणि मासा तुमच्या डोळ्यांसमोर दोन महिन्यांत उपासमारीने संपतो. त्यात तुमच्याकडे सिक्सलाइन आहे, जो तेच पॉड मँडरिनपेक्षा कितीतरी चपळाईने फस्त करतो. हे दोघे लहान टाकीत एकत्र ठेवूच नयेत. मँडरिनसाठी टाकी निदान आठ-दहा महिने जुनी आणि भरपूर लाइव्ह रॉकची (जिवाणू आणि बारीक जीव वसलेल्या खडकांची) हवी. हे सांगणाऱ्या आमच्या मुलाला तुम्ही उद्धट म्हणालात. मी आतल्या खोलीत होतो, बोलणं मला ऐकू येत होतं. त्याने आवाज चढवला नाही, नकार मात्र तीन वेळा दिला, आणि तो त्याने द्यावा असंच मी त्याला शिकवलंय.

आता ‘फेऱ्या मारायला लावतात’ याबद्दल. माशांच्या लघवीतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात जातो. खडकावरचे आणि वाळूतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. हे जिवाणू मिळेल तेवढ्या खाद्याच्या प्रमाणातच वाढतात. दोन लहान माशांच्या बेताने तयार झालेल्या टाकीत एका दिवसात सहा मासे आले की जिवाणूंना वाढायला वेळ लागतो आणि मधल्या काळात अमोनिया साचतो. गोड्या पाण्यापेक्षा समुद्री टाकीत हे जास्त घातक, कारण 8.2 च्या आसपासच्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग मोठा असतो. तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि मासे वर येऊन धापा टाकत होते. ते याचंच लक्षण असण्याची दाट शक्यता आहे. दोन खेपांमधले तीन-चार आठवडे या जिवाणूंसाठी असतात. त्याच काळात पुढचे मासे आमच्याकडे क्वारंटाइन होतात. त्या रविवारी तुम्ही मागितलेलं सगळं बांधून दिलं असतं तर आमचा गल्ला जास्तच भरला असता.

आम्ही कोरल (प्रवाळ) ठेवत नाही, याबद्दलही तुमच्या रिव्ह्यूत एक ओळ होती. दगडी प्रवाळ आणि समुद्री घोडे 2001 मध्येच वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. ते आमच्याकडे कधीच मिळणार नाहीत.

फायरफिशचे पैसे आम्ही परत करणार नाही. मासा निरोगी होता आणि झाकणाची सूचना लेखी होती. पण टाकीत जे जिवंत आहेत त्यांच्यासाठी जे करता येईल ते सगळं करू, आणि त्याचा एक रुपयाही घेणार नाही.

मँडरिन आजच आणा. पोट आत गेलेलं दिसतंय, त्यामुळे रविवारची वाट बघू नका. आमच्याकडे मासे नसलेली, पॉडने भरलेली एक जुनी टाकी आहे, त्यात त्याला ठेवू. डॉमिनो आणि सिक्सलाइनसाठी माशांचा सापळा घेऊन जा. जाळ्याने पकडायला गेलात तर सगळे खडक उपसावे लागतील. रात्री दिवे बंद करून सापळ्यात खाद्य ठेवा, सकाळी दिवे लागल्यावर बहुधा डॉमिनोच पहिला शिरेल. दोन्ही आम्ही ठेवून घेऊ.

ठिपक्यांसाठी मुख्य टाकीत तांब्याचं औषध कृपा करून घालू नका. कोळंबी आणि गोगलगायी मरतील, आणि खडक ते तांबं शोषून घेतील. ब्लू टँग, क्लाउनफिश आणि गोबी यांना वेगळ्या रिकाम्या टाकीत उपचार द्यावे लागतील: वाळू नको, खडक नको, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि रोज तांब्याची चाचणी. ती टाकी, फिल्टर आणि टेस्ट किट आम्ही वापरायला देतो. मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांशिवाय ठेवायची. ठिपक्यांचा हा रोग एका परजीवीमुळे होतो आणि त्या परजीवीला जगायला मासा लागतो. कोळंबी आणि खडक तिथेच राहू द्या. त्या काळात जिवाणू मरू नयेत म्हणून चिमूटभर खाद्य टाकत राहा. उपचार संपले की ब्लू टँगला मोठ्या टाकीचं घर आम्ही शोधून देऊ.

अडीच महिन्यांनंतर गोबी आधी सोडायचा. त्याला दोन-तीन आठवडे एकट्याला राहू द्या. नवा फायरफिश घ्यायचा असेल तर तोही तेव्हाच, आणि एकच; जोडी जमलेली नसेल तर दोन फायरफिशमधला एक बहुधा दुसऱ्याला संपवतो. क्लाउनफिश त्यानंतर. ते सोडताना दोन-चार खडकांची जागा बदला, आधीच्यांना पोटभर खायला घाला आणि दिवे बंद ठेवा.

येताना टाकीचं पाणी स्वच्छ, साबण न लागलेल्या बाटलीत काठोकाठ भरून आणा. अमोनिया, नायट्राइट आणि खारेपणा तुमच्यासमोर तपासू. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं आहे. मँडरिन आणणार असाल तर उशीर झाला तरी मी थांबतो.