बेटं किती दाखवणार?

दिवाळी झाली की कोल्हापुरात पुढच्या मे महिन्याच्या टूरची चर्चा सुरू होते. दुबई-थायलंड करून झालेली मंडळी आता इक्वेडोरची गालापागोस बेटं, स्कॉटलंड, इंडोनेशियातलं कोमोडो अशी नावं घ्यायला लागलीत, आणि त्यातही शिडाच्या छोट्या बोटीवर आठ-दहा दिवस राहून पक्षी-प्राणी बघायची हौस वाढतेय. चांगलंच आहे. पण बुकिंगला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बेटं किती दाखवणार?"

हा प्रश्न बसच्या टूरचा आहे. शिडाच्या बोटीला तो लावला की चुकीची बोट गळ्यात पडते. जो जास्त बेटं लिहून देतो, तो एकतर दिवसभर इंजिनावर पळवणार, नाहीतर लिहिलेलं पाळणार नाही.

हिशोब करून बघा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाचा बेटांचा पुंजका आहे. १९३० साली २९ ऑगस्टला तिथले शेवटचे ३६ रहिवासी बेट सोडून गेले, तेव्हापासून तिथं राज्य पक्ष्यांचं. गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्याची जगातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक तिथल्या बोरेरे बेटावर आणि शेजारच्या सुळक्यांवर आहे. त्यातला सगळ्यात उंच सुळका, स्टॅक अन आर्मिन, समुद्रातून सरळ १९६ मीटर वर जातो. नॉर्थ युइस्ट बेटापासून अंतर ६४ किलोमीटर, म्हणजे जवळपास ३५ सागरी मैल. शिडाची बोट ताशी ६ मैल धरली तर सहा तास. पण वारा समोरून असला की ती सरळ जातच नाही. करूळ घाटात गाडी वळणं घेत चढते तशी ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरकी जाते. आधुनिक बोट वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवते, म्हणजे ३५ मैलांचे ५० होतात. जुन्या धाटणीची जड बोट ६० अंशांवर जाते, तिला ७० मैल पडतात. सहा तासांचे झाले बारा.

आणि एवढं करून पोचल्यावर उतरता येईलच असं नाही. सेंट किल्डाची नांगर टाकायची मुख्य जागा, व्हिलेज बे, आग्नेयेला उघडी आहे. त्या बाजूनं वारा फिरला की लाट थेट आत शिरते. नांगर घसरायची भीती आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर नेणारी छोटी होडी, किनाऱ्याला लावणं अशक्य. अशा वेळी चांगला कप्तान तिकडं जायचंच रद्द करतो आणि लुंगा किंवा मिंगुलेसारख्या स्कॉटलंडच्याच दुसऱ्या बेटाकडे बोट वळवतो. तिथंही पफिन हे रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी असतात, आणि लुंगावर तर माणसापासून चार-पाच फुटांवर निवांत बसतात. छोट्या बोटीचे पैसे आपण याच मोकळीकीसाठी मोजतो. त्या मोकळीकीवरच "करारात लिहिलं होतं" म्हणून भांडणारा ग्रुप सोबत असला तर सगळ्यांचीच सहल बिघडते.

मग विचारायचं काय? आधी प्रवासी किती ते. १२ हा आकडा बऱ्याच बोटींवर दिसेल. आंतरराष्ट्रीय नियमांत १२ पेक्षा जास्त प्रवासी झाले की ते 'प्रवासी जहाज' ठरतं आणि नियम कडक होतात, म्हणून बरेच मालक तिथंच थांबतात. मग डिंग्या किती? एकच डिंगी, तीत सहा माणसं आणि एक फेरी वीस मिनिटांची, तर शेवटच्या माणसाचा पाय किनाऱ्याला लागेपर्यंत पहिल्याचं अर्धं बघून झालेलं असतं. वाटाड्या निसर्ग जाणणारा आहे की नुसता माणसं मोजणारा? आणि हवामानासाठी मोकळा दिवस कार्यक्रमात धरलाय का? मोकळा दिवस नसेल तर ती बोट मी तरी घेणार नाही.

गालापागोसला मात्र हे गणित उलटं आहे. तिथं बोटीचा मार्ग राष्ट्रीय उद्यानच ठरवून देतं. कुठल्या दिवशी कुठल्या जागी उतरायचं हे आधीच बांधलेलं असतं, कप्तानाच्या मर्जीला वाव फार कमी. एका वाटाड्यामागे जास्तीत जास्त १६ माणसं, प्राण्यापासून दोन मीटर अंतर. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पर्यटकांना उद्यानाचा प्रवेशच २०० डॉलर झालाय, तो टूरच्या रकमेत धरलाय का बघा. तिथं बेटांची यादी नक्की वाचा, पण ती महिन्याशी जोडून. लाटांसारखी नक्षी असलेला वेव्ह्ड अल्बाट्रॉस एस्पान्योला बेटावर साधारण एप्रिल ते डिसेंबर असतो. फेब्रुवारीत ते बेट यादीत असलं तरी तो पक्षी नाही. आणि 'सेलिंग यॉट' हे नाव बघून भुलू नका, तिथल्या बहुतेक बोटी बहुतेक वेळ इंजिनावरच चालतात.

कोमोडोच्या फिनिसी बोटींचंही तेच. दक्षिण सुलावेसीची ही बोटबांधणी २०१७ पासून युनेस्कोच्या वारशात आहे, दिसायला राजेशाही, पण लाबुआन बाजो या कोमोडोजवळच्या बंदरातून निघणाऱ्या बऱ्याच बोटींची शिडं फोटोपुरती वर चढतात. त्यात कमीपणा नाही, फक्त शिडाचे म्हणून जादा पैसे देऊ नका. संध्याकाळी कालोंग बेटाजवळ नांगर टाकणारी बोट घ्या. अंधार पडताना खारफुटीतून हजारो फळवटवाघळं उठतात आणि त्यांची रांग संपता संपत नाही. त्या वेळी जनरेटर बंद ठेवाल का, हे मात्र बुकिंगच्या वेळीच विचारा.

आता सगळ्यात जास्त घोळ जिथं होतो ती जागा: बोटीतून डिंगीत उतरणं. लाटेनं दोन्ही वरखाली होत असतात आणि एकाच लयीत नसतात. हातात काही नको, कॅमेरा पिशवीत आणि पिशवी आधी खाली. खलाशाचा पंजा धरू नका. एकमेकांचं मनगट धरा. पंजा ओला असला की निसटतो, मनगटाची पकड दोघांकडून असते, एकाची सुटली तरी दुसऱ्याची राहते. डिंगी वर येऊन क्षणभर थांबते तेव्हा पाय टाकायचा, ती खाली जाताना नाही. पाय टाकला की लगेच बसायचं आणि बसल्या बसल्या सरकायचं. उभं राहून "अगं, माझा एक फोटो काढ" म्हणणारा हमखास पाण्यात जातो. किनाऱ्यावर 'वेट लँडिंग' म्हणजे गुडघाभर पाण्यात उतरणं, 'ड्राय लँडिंग' म्हणजे खडकावर पाय, आणि तो खडक शेवाळलेला असणारच. आपली कोल्हापुरी चप्पल कितीही लाडकी असली तरी इथं नको. कातडं भिजून फुगतं आणि तळवा साबणासारखा घसरतो. मागं पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडल घ्या, बुटांच्या खाचांतलं बी आणि माती घरीच ब्रशनं काढा. बेटांवर बाहेरचं एक रोप किंवा एक गाभण उंदरीण पोचली तरी पक्ष्यांची वाट लागते.

कड्याखाली गेल्यावर आवाज बंद. गिलेमॉट हा पक्षी घरटं न करता उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो. दचकून सगळे एकदम उडाले की अंडी कडेवरून खाली जातात, उरलेली गल नावाचे समुद्रपक्षी पळवतात. म्हणून टाळ्या वाजवून पक्षी उडवणारा वाटाड्या दिसला तर तिथल्या तिथं बोला.

दुर्बीण १०×४२ घेऊ नका (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये). रंकाळ्याच्या काठावर ती छान, पण हलत्या बोटीवर दहापट मोठं चित्र दहापट हलतं. ७×५० किंवा ८×४२ पुरे. कॅमेऱ्याचा शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, आणि रात्री लेन्सवरचं मीठ गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडानं पुसा. कोरडं कापड फिरवलं तर मिठाचे खडे काचेवर ओरखडे काढतात. वारा ११ ते १६ नॉटवर (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेला की समुद्रभर पांढरे फेस दिसायला लागतात, मग डॉल्फिनचा पंख शोधणं अवघड. तेव्हा डोळे फोडत बसण्यापेक्षा झोपा.

पोटाचं. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या दोन तास तरी आधी हवी. सिनारिझिन की प्रोमेथाझिन हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर नक्कीच. प्रोमेथाझिननं झोप फार येते. खोली निवडायला मिळाली तर बोटीच्या मध्यावरची, खालची घ्या. पुढच्या टोकाला हेलकावा सगळ्यात जास्त. आलेपाकाच्या वड्या सोबत ठेवा, बऱ्याच जणांना चालतात. पहिल्या रात्री भात-वरणावर भागवा. तांबडा रस्सा मनात असला तरी तिथं तो वर यायला वेळ लागत नाही.

संडासाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. जुन्या बोटींवर हातपंप असतो, आणि पाणी आत घेणं व बाहेर टाकणं यासाठी एक खटका. वापर झाल्यावर खटका 'कोरडा' बाजूला करून आठ-दहा वेळा पंप मारायचा. विसरलात आणि बोट एका अंगावर कलली तर भांड्यात समुद्राचं पाणी चढतं. पोटातून गेलेलं आणि ठरलेला कागद सोडून काहीही टाकायचं नाही. नळी जेमतेम दीड इंचाची असते, आणि तुंबली तर ती खोलायला समुद्रात प्लंबर येत नाही.

एवढा खर्च करायच्या आधी तालीम आपल्या दारात करा. गगनबावड्यामार्गे मालवण काही तासांवर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे निघा. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारी खारा वारा सुटला की लाट उठते. देवबागला डॉल्फिन बघून दोन-तीन तास होडीत काढा, कुणाचं पोट टिकतं आणि कुणाचं नाही ते कळेल. वेंगुर्ल्यासमोर साधारण पंधरा किलोमीटरवर वेंगुर्ला रॉक्स आहेत. तिथल्या गुहेत पाकोळ्या लाळेची घरटी करतात आणि खडकांवर सुरय वीण घालतात. तिथं उतरायचा हट्ट नको, लांबूनच दुर्बिणीनं बघा. आणि होडीचा तांडेल "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद न घालता मालवणात मासे खा आणि घरी या.