तेरड्याचं कुळ गोंडवनाइतकं जुनं नाही

तेरड्यावरचा तुमचा लेख आवडला, पण तेरडे भारतात आणि आफ्रिकेतही आढळतात ते गोंडवन (भारत, आफ्रिका वगैरे जोडलेले असलेला प्राचीन महाखंड) फुटल्यामुळे, हे त्यातलं म्हणणं पटलं नाही. भारत आफ्रिकेपासून १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सुटला. डीएनएच्या अभ्यासांनुसार इम्पेशन्स या तेरड्यांच्या प्रजातीच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) आजच्या फांद्या मात्र जेमतेम दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी फुटू लागल्या, त्याही नैर्ऋत्य चीनच्या आसपास. तिथून ती आफ्रिकेत एकदा नव्हे, अनेकदा पोहोचली. सह्याद्रीतले कितीतरी तेरडे तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

लेखात राहून गेलेली हायड्रोसेरा मला या कुळातली सर्वात विलक्षण वाटते. कुळात प्रजाती दोनच. इम्पेशन्समध्ये हजारावर जाती, हायड्रोसेरात फक्त एक, दलदलीत वाढणारी. तिच्या पाकळ्या सुट्या असतात आणि फळ हात लावला तरी फुटत नाही. लहानपणी गौरीचा तेरडा आणताना बोंडं फोडण्यात आमचा अर्धा वेळ जाई, म्हणून हे वाचलं तेव्हा फार नवल वाटलं होतं.

आणखी एक, या कुळाचे जवळचे आप्त उष्ण कटिबंधीय अमेरिकेतही आहेत, पण दक्षिण अमेरिकेत मूळचा तेरडा एकही नाही. यावर वेगळा लेख नक्की लिहा.