‘हयातीपर्यंत राहील’ हे वाक्य शोभेचं नाही

कवेलू फेरायचे दिवस आले की आमच्याकडे घराची भांडणं वर येतात. छपरावर कोण चढणार इथून सुरू होतं आणि घर नेमकं कोणाचं इथवर जातं. यंदा त्यात एका व्हॉट्सॲप निरोपाची भर पडली. महिन्याभरात चार जणांनी मला तो दाखवला, एकानं तर छापूनच आणला.

निरोपाचा मजकूर थोडक्यात असा: मृत्युपत्रात घर ज्याच्या नावे, तोच मालक. ‘माझ्या पत्नीने किंवा बहिणीने हयातीपर्यंत राहावे’ हे वाक्य शोभेचं. नाव चढलं की नोटीस देऊन तिला बाहेर काढा, नाहीतर बारा वर्षांनी घर तिचं होईल. कर आणि दुरुस्ती सगळी मालकाच्या माथी. मुलगा तिच्याआधी वारला तर घर परत बाईकडे. आणि शेवटी: ‘महिलांनो, १९५६ च्या कायद्यानं तुम्ही आपोआप पूर्ण मालक.’

म्हणजे सुरुवातीला तिला काढायचं आणि शेवटी तीच मालक. दोन वेगळे निरोप कोणीतरी एकात शिवलेले दिसतात. मी वकील नाही, तहसीलच्या फाटकाशी बसून अर्ज आणि दस्त लिहितो. पण हे कागद रोज हातात येतात, आणि या निरोपानं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात एका म्हातारीची पेटी सपरीत, म्हणजे ओसरीत, येऊन पडलेली मी पाहिली आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, ‘नाव चढलं म्हणजे मालक’. त्या म्हातारीच्या भावानं मृत्युपत्रात घर मुलाच्या नावे केलं होतं, आणि बहिणीनं हयातीपर्यंत तिथं राहावं असंही लिहिलं होतं. तो मुलगा, म्हणजे तिचा भाचा, ग्रामपंचायतीचा नमुना आठ घेऊनच आला होता. “घर माह्या नावावर हाय, आत्यानं आता आपलं पाहावं.” नमुना आठ हा घरपट्टी कोणाकडून घ्यायची ते सांगणारा कागद आहे. आखीव पत्रिका, म्हणजे मोजलेल्या जागेचा सरकारी नोंदीचा कागद, त्याहून वजनदार; २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून त्या गावोगाव निघू लागल्या. पण फेरफारानं, म्हणजे सरकारी नोंदीत नाव बदलल्यानं, मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, ही गोष्ट न्यायालयांनी इतक्यांदा सांगितली आहे की पटवाऱ्यालाही ती पाठ असते. मालकी मृत्युपत्रातून येते, आणि त्याच मृत्युपत्रात आत्याचं वाक्य आहे. एक ओळ घ्यायची आणि दुसरी खोडायची, हे जमत नाही.

खरं तर भाच्याचा हक्कही खोटा नाही. वडील वारले त्या दिवशीच घर त्याचं झालं, मागे राहिला तो फक्त ताबा. आजचं घर आत्याचं, उद्याचं त्याचं, आणि दोन्ही हक्क एकाच वेळी जिवंत. त्याला आपला उद्याचा हक्क विकताही येतो. घेणाऱ्याला आत्या असेतोवर थांबावं लागेल एवढंच. तिला बाहेर काढण्याचा अधिकार मात्र त्यात बसत नाही. जबरदस्तीनं काढलंच, तर विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ती ताबा परत घेऊ शकते, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. ती चार महिने वर्ध्याला लेकीकडे राहून आली म्हणूनही हक्क बुडत नाही; मृत्युपत्रात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी.

याच मुद्द्याला हल्ली घरकुलाचं शेपूट लागलं आहे. मुलाला घरकुल मंजूर, सरकारी पैसे येणार, पण जुनं घर पाडल्याशिवाय जागा नाही. आई म्हणते, पाडू देणार नाही. तिच्या संमतीशिवाय पाडता येत नाही, सरपंच काहीही म्हणो. मी दोघांना एकच सांगतो: नव्या घरातली कोणती खोली तिची, न्हाणी-संडासाला जायची वाट कुठून, हे लिहून नोंदणीकृत करा, मग कुदळ लावा. तोंडी ‘तुले ठेवतो ना मी’ हे पाया खणेपर्यंतच टिकतं.

दुसरा मुद्दा बारा वर्षांचा. सगळ्यात जास्त घरं यानंच फोडली आहेत, कारण यात घाबरवून घाई करायला लावलं आहे. मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ६५ उघडून पाहा. स्थावराचा ताबा मागायला बारा वर्षं हे खरं. पण त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात उत्तरहक्कदाराची, म्हणजे या भाच्यासारख्याची, वेगळी सोय आहे. त्याचा ताब्याचा हक्क जेव्हा सुरू होतो, घड्याळ तेव्हापासून चालू होतं. म्हणजे आत्या गेल्यावर. ती तीस वर्षं राहिली तरी घर तिचं होत नाही, कारण ती मृत्युपत्राच्या जोरावर राहते आहे, त्याच्या विरुद्ध नाही. जागं राहायचं ते तिच्यानंतर. तिनं ठेवलेला भाडेकरू किंवा कोणी नातलग तसाच बसून राहिला आणि तुम्ही ‘पाहू नंतर’ म्हणालात, तर मात्र बारा वर्षं खरोखर मोजली जातात.

करावर फार बोलण्यासारखं नाही. मृत्युपत्रात काही लिहिलं असेल तर तसं. नसेल तर रीत अशी की जो आज उपभोगतो तो आजचा खर्च करतो: घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल, मृगाआधी कवेलू फेरणं, भिंतीला पोतारा. घर जिच्या ताब्यात, खर्चही तिचा, म्हणजे निरोपाच्या नेमकं उलट. तिनं हौसेनं नवी खोली काढली, तर तो खर्च भाच्याकडून मागता येत नाही.

नासधूस मात्र वेगळी. अंगणातल्या आंब्याचे आंबे तिचे. झाड तोडून विकायचा हक्क तिचा नाही. जुन्या वाड्यांचं सागवान घ्यायला व्यापारी गावोगाव फिरतात. खांब आणि मयाली काढून विकायला बसली, तर भाचा मनाई हुकूम आणू शकतो, आणि त्यानं आणावाच. घर मोडकळीला येऊ न देता त्याच्या हाती पोचवणं ही तिची जबाबदारी आहे.

आता शेवटचं वाक्य, ‘महिलांनो, तुम्ही आपोआप मालक’. यात अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४(१) नं स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची केली. पण पोटकलम (२) म्हणतं की दस्तानंच मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच. १९७७ साली तुलसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं यातून वाट काढली: विधवेला पोटगीच्या आधीच असलेल्या हक्कापोटी मालमत्ता मिळाली असेल, तर कागदावर ‘हयातीपर्यंत’ असूनही ती पूर्ण मालक. पुढे २००६ मध्ये साधू सिंग खटल्यात नवऱ्यानं स्वकष्टाची जमीन मृत्युपत्रानं बायकोला हयातीपुरती आणि नंतर पुतण्यांना दिली होती. तिथं न्यायालयानं तिचा हक्क मर्यादितच ठरवला, आणि तिनं गुरुद्वाराला केलेलं दान टिकलं नाही. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला आहे. मग ‘आपोआप’ कुठून आलं? बायकोच्या बाबतीत वाद उभा राहू शकतो. बहिणीच्या बाबतीत जवळजवळ नाही, कारण भावाकडून पोटगी मागायचा हक्क कायद्यानं तिला दिलेलाच नाही. आणि हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागतो. गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना तो लागत नाही, मुसलमानांचा कायदा वेगळा. निरोप मात्र पांढरकवड्यापासून गडचिरोलीपर्यंत सगळ्यांना एकच गोळी देतो.

‘मालक’ समजून घर विकायला निघालेल्या बाईला ठेच इथंच लागते. मृत्युपत्रात नुसतं ‘राहावे’ असेल तर तो हक्क तिच्या अंगचा आहे, दुसऱ्याला देता येत नाही. ‘उपभोग घ्यावा’ असेल तर भाड्यानं देता येईल, पण तिच्या मागे भाडंही संपतं आणि भाडेकरूही उठतो. म्हणून मृत्युपत्र लिहवून घ्यायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, राहू द्यायचं आहे की उपभोगू द्यायचं आहे? आणि मृत्यूनंतर फेरफार करताना तिचा हक्क आखीव पत्रिकेच्या ‘इतर भार’ रकान्यात नोंदवून घ्या म्हणतो. त्यानं मालकी बदलत नाही, पण उद्याचा गिऱ्हाईक ‘मले माहीत नव्हतं’ म्हणू शकत नाही.

राहिलं ते ‘मुलगा आधी वारला तर घर परत आईकडे’. परत जात नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ११९ नुसार हयातीच्या हक्कानंतरची देणगी मृत्युपत्र करणारा वारतो तेव्हाच निहित होते, म्हणजे हक्क तेव्हाच पक्का होतो, म्हणून मुलाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. पण निरोप लिहिणाऱ्याला एक गोष्ट सुचलेली नाही. हिंदू मुलगा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको आणि मुलांसोबत त्याची आईही असते. मागे बायको, एक मुलगी आणि आई असेल, तर तिघींचा एकेक तृतीयांश. गेल्या वर्षी अशीच एक सून सासूचं नाव कमी करायचा अर्ज लिहवून घ्यायला माझ्याकडे आली होती. वारसांची यादी करता करता मी सासूचं नाव पुन्हा लिहिलं, या वेळी मालक म्हणून. सून बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली, आणि मग तिनं अर्जाचे पैसे परत मागितले.