त्याला टोकू नका

खानदेशात कानबाईच्या रोटांच्या सणाला भाऊबंद जमले, की आठ-नऊ वर्षांच्या पोराची झटकणारी मान सगळ्यांच्या नजरेत भरते. ‘काय व्हयनं याले?’ कुणी मायेनंच विचारतं. मग मोबाईलला दोष, दृष्ट काढणं, चष्म्याचा नंबर तपासणं, घसा खाकरणाऱ्याला खोकल्याचं औषध. जळगाव-धुळ्याच्या घरांतला हा वाद इंग्लंडमध्ये फोनवर ऐकताना एकच सांगावंसं वाटतं : त्याला टोकू नका.

याला टिक म्हणतात : आपसूक, पुन्हापुन्हा होणारी हालचाल किंवा आवाज. टिक ही खोड नव्हे. शिंकेआधी नाकात होतं तसं काहीतरी मानेत, डोळ्यांत, घशात दाटून येतं आणि ती हालचाल केल्यावरच शमतं. पोर ते काही वेळ दाबू शकतं. म्हणून शाळेत शांत, घरी दप्तर टाकताच सुरू. यालाच आपण ‘मुद्दाम करतो’ म्हणतो, आणि पोरावर अन्याय होतो. बहुधा 4 ते 6 वर्षांच्या वयात सुरुवात, 10 ते 12 ला जोर, पुढे बहुतेकांचं कमी होतं. मधे आपोआपही ओसरतं, म्हणून नेमका तेव्हा चालू असलेला उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

परदेशात सगळं आलबेल नाही. इथेही वर्तनोपचारासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. पण लागेल तेव्हा पाच मिनिटं वर्गाबाहेर जायची मुभा, परीक्षेला वेगळी खोली, शिक्षकांनी टिककडे लक्ष न देणं, हे आपल्या शाळांनाही जमेल. त्याला पैसा लागत नाही.

टिकवरच्या या वर्तनोपचाराची अमेरिकेत 9 ते 17 वर्षांच्या 126 मुलांवर चाचणी झाली, 2010 साली ती प्रसिद्ध झाली. 10 आठवड्यांत 8 सत्रं. उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत स्पष्ट सुधारणा. पोरालाच सगळ्यात नकोशी वाटणारी एक टिक निवडायची. ती येतेय असं जाणवलं, की तिला अडवणारी कृती करायची : मानेसाठी हनुवटी किंचित खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलके ताणलेले, घशासाठी तोंड मिटून नाकानं संथ श्वास. मिनिटभर, किंवा ते दाटणं ओसरेपर्यंत, जे जास्त असेल ते. आईबाप पहारा देऊ लागले की हे फसतं. जमलं तेव्हा शाबासकी द्या, हुकलं ते मोजू नका.

डॉक्टरांसाठी मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, तपासणीच्या खोलीत टिक अनेकदा थांबते. हालचालीच्या वेळी पोर हाकेला ओ देत नसेल, किंवा घसा सुजून गेल्यावर काही आठवड्यांनी हातपाय वळवळायला लागून हातातला पेला सुटत असेल, तर टिक समजून थांबू नका. कुठे जायचं कळत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.

आणि पाहुणे यायच्या आधी काकू-आत्यांना सांगून ठेवा : मान झटकली तरी त्याच्याशी क्रिकेटचंच बोलत राहा.