सक्ती करायचीच असेल, तर ती एकट्या रुग्णावर का?

आज सकाळी आमच्या शाळेतील वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका मित्राच्या मुलासाठी मदतीचे आवाहन आले. मुलगा सव्वीस वर्षांचा आहे, अतिदक्षता विभागात आहे, आणि रुग्णालयाने आणखी दोन लाख भरायला सांगितले आहेत. त्याखाली चारच मिनिटांत एका जुन्या मित्राने लिहिले, "वेळेवर मेडिक्लेम काढायला काय झाले होते? सरकारने आता आरोग्यविमा सक्तीचाच करावा, म्हणजे लोकांना जबाबदारी कळेल." या गृहस्थांचा हप्ता तीस वर्षे त्यांच्या कंपनीने भरला, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. तिथेच उत्तर दिले असते तर तोल गेला असता, म्हणून इथे लिहितो.

जबाबदारी म्हणजे काय, हे आमच्या दाजींकडून शिकावे. तासगावजवळ त्यांची दीड एकर द्राक्षबाग आहे. पीक हातचे गेले त्या वर्षीसुद्धा त्यांनी तीन लाखांच्या पॉलिसीचा हप्ता चुकवला नाही. 2022 साली पित्ताशयातील खड्यांमुळे त्यांना मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात दाखल करावे लागले. रोज 3000 रुपये भाड्याची खोली शिल्लक नाही, 5000 ची आहे, असे काउंटरवर सांगण्यात आले. दाजी वेदनेने वाकले होते. अशा वेळी पॉलिसीची बारीक अक्षरे कोण वाचत बसेल? वरचे दोन हजार आपण भरू, एवढाच हिशेब ताईने केला.

सहा दिवसांचे बिल 1,86,000 रुपये झाले आणि विम्यातून 1,24,000 मंजूर झाले. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे 3000 होती. आपण 5000 ची खोली घेतली, म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे आकार, नर्सिंग, या सगळ्याचे साठच टक्के मिळणार, असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. तोही बिचारा नोकरीच करत होता. खोली बदलली म्हणून पित्ताशय महागले का, असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने नियमाचा कागद पुढे केला. हातमोजे आणि तत्सम वस्तूंचे सहा हजार तर धरलेच नव्हते. 62,000 रुपये ऑक्टोबर छाटणीसाठी ठेवलेल्या पैशांतून गेले. मंजुरीची वाट पाहत, निळी फाइल मांडीवर घेऊन, ताई सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत स्टीलच्या बाकावर बसून होती. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचा नियम विमा नियामकाने 2024 मध्ये केला. ताईला त्याचा काय उपयोग?

आता सांगा, यात बेजबाबदार कोण होते?

आपल्याकडे लग्नासाठी कर्ज काढणाऱ्याला विम्याचा हप्ता मात्र जड वाटतो, हे मान्य. निरोगी माणसांनी हप्ता भरल्याशिवाय आजाऱ्यांचा खर्च भागत नाही, हेही मला कळते. पण 'गाडीचा विमा सक्तीचा आहे, मग शरीराचा का नको' हा युक्तिवाद आता पुरे झाला. गाडीचा सक्तीचा विमा आपल्या धडकेने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाईसाठी असतो. मित्राच्या मुलाने आजारी पडून कोणाला धडक दिली?

शिवाय सक्तीचा आरोग्यविमा या देशाला नवा नाही. कामगार राज्य विमा कायदा 1948 सालीच झाला. त्या योजनेत दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालकाला 3.25 टक्के भरावे लागतात. वर्गणी वेतनावर ठरते. कामगाराचे वय काय, रक्तात साखर किती, हे पाहून ती वाढत नाही. (त्या योजनेच्या दवाखान्यांतील रांगांबद्दल मला सांगू नका, मी उभा राहिलो आहे.) बाजारातील पॉलिसीचे याच्या अगदी उलट असते. वय वाढले की हप्ता वाढतो, आणि आधीपासूनचा आजार असेल तर तीन-तीन वर्षे थांबावे लागते. त्या हप्त्यावर 21 सप्टेंबर 2025 पर्यंत आपण 18 टक्के जीएसटीही भरत होतो. अशी पॉलिसी सक्तीची करायची आणि खोलीचे भाडे रुग्णालयाने मनाला येईल ते लावायचे, याला जबाबदारी म्हणत नाहीत, याला गिऱ्हाईक बांधून देणे म्हणतात! सक्ती करा, पण मग विमा कंपनीला कोणालाही नाकारता येणार नाही आणि रुग्णालयाचे दर बांधलेले असतील, अशीही करा.

राज्य सरकारने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, हे चांगलेच झाले. पण त्यासाठी रुग्णालय योजनेत असावे लागते आणि उपचार यादीत असावा लागतो. रात्री दोन वाजता माणूस जवळचे रुग्णालय गाठतो, तेव्हा यादी चाळत नाही. दाजींना नेले तेव्हा आम्हीही पहिला दिवा दिसला तिथेच रिक्षा थांबवली होती.

इतके लिहून झाल्यावर थोडा शांत झालो आहे. मघाशी ताईला फोन केला होता. दाजींनी यंदाचाही हप्ता भरला आहे. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या, असे मी सुचवले होते, पण तिचा हप्ता या वयात परवडण्यासारखा नाही. ताईने पावती त्याच निळ्या फाइलीत लावली आहे.

आणि एक गोष्ट, लिहायची नव्हती तरी लिहितो. मदत गोळा करणाऱ्या मित्राकडून आत्ताच कळले, की आतापर्यंत जमलेल्या रकमेत सर्वांत मोठी रक्कम सकाळी तो संदेश लिहिणाऱ्या मित्राचीच आहे, आणि ती त्याने लिहिण्याच्या आधी पाठवली होती. मग ते वाक्य का लिहिलेस, हे संध्याकाळी त्याला फोन करून विचारणार आहे. मुलाचे वडीलही त्याच गटावर आहेत.