सूर्याचा ॐ आणि काळी एक

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांकडून तो व्हिडिओ या महिन्यात तिसऱ्यांदा आला. ‘नासाने सूर्याचा आवाज रेकॉर्ड केला, तो ॐच आहे. ॐची फ्रिक्वेन्सी 136.1 हर्ट्झ, त्याच सुरात म्हटला तरच फळ. अर्थ कळायची गरज नाही.’ 2020च्या जानेवारीत किरण बेदींनीही असाच व्हिडिओ ट्विट केला होता, तेव्हा एकट्या काकांना काय बोलणार!

आधी सूर्य. आमच्याकडे आलेली क्लिप हेडफोन लावून ऐका, मध्ये चक्क श्वास घेतल्याचं ऐकू येतं. सूर्याचा पृष्ठभाग थरथरतो हे मात्र खरं. साधारण पाच मिनिटांत एक हेलकावा. पण मधल्या पोकळीतून आवाज येतच नाही, आणि सेकंदाला 20 कंपनांच्या खालचं आपल्याला ऐकू येत नाही. सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या सोहो यानाने (ते नासाइतकंच युरोपीय अवकाश संस्थेचंही) ही थरथर प्रकाशावरून मोजली. स्टॅनफर्डमध्ये 40 दिवसांच्या नोंदी 42,000 पट वेगाने पळवल्या, तेव्हा कुठे घुमल्यासारखा आवाज निघाला. 84,000 पट पळवल्या असत्या तर तो एक सप्तक वर गेला असता. मग सूर्याची पट्टी कुठली धरायची?

136.1 तर आणखी गमतीचा. हान्स कुस्टो या स्विस गृहस्थांनी पृथ्वीच्या एका वर्षाला एक कंपन मानलं आणि ते 32 वेळा दुप्पट केलं, की सेकंदाला 136.1 कंपनं, म्हणजे 136.1 हर्ट्झ. पेटीवर हा सूर काळी एकच्या, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, किंचित खाली येतो. माझी आई काळी चारमध्ये गाते, इतकी खाली उतरली तर नुसता वारा निघेल. म्हणजे तिचा ॐ वाया?

मला खरं खटकतं ते मेसेजचं शेवटचं वाक्य, ‘अर्थ कळायची गरज नाही.’ पतंजलींचं सूत्रच आहे, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’: जप करायचा तो अर्थ मनात घोळवत. अवघ्या 12 मंत्रांचं मांडूक्य उपनिषद याच अक्षराबद्दल आहे. अ म्हणजे जागेपण, उ स्वप्न, म गाढ झोप. करून बघा. अ म्हणताना तोंड उघडतं, उ ला ओठ गोल होतात, म ला मिटतात. मिटल्या ओठांतली गुणगुण विरते आणि पुढचा श्वास घेण्याआधी क्षणभर काहीच नसतं. साधक चौथा पाद, म्हणजे या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था, त्या शांततेत शोधतात. उपनिषद त्याला ‘अमात्र’ म्हणतं, त्याला मात्राच नाही. ज्ञानोबांनी अकार चरण, उकार उदर, मकार मस्तक असा गणपती उभा केला, तोही अर्थ धरूनच.

काकांना एवढंच लिहिलं, क्लिप संपली की लगेच पुढे पाठवू नका, जरा थांबा. त्यांचा हात जोडलेला इमोजी आला, आणि पाठोपाठ शुभ सकाळचा गुलाब.