खाली बसून फरशी पुसल्याने गुडघे बरे होत नाहीत

मिक्सर, वॉशिंग मशीन आणि दांड्याचा पोछा यांनी बायकांचे गुडघे घालवले, असा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. आपल्या आज्यांना सांधेदुखी माहीतच नव्हती, कारण त्या जात्यावर दळायच्या आणि खाली बसून सारवायच्या, असं त्यात म्हटलंय. रोज उकिडवं बसून फरशी पुसली की गुडघ्यातलं आटलेलं वंगण 21 दिवसांत परत तयार होतं म्हणे. स्टुलावर बसून स्वयंपाक करणं, पोळ्यांना बाई लावणं हा आळस. आणि दुखत असेल तर काम वाढवा, गोळ्या आपोआप सुटतील. लिहिणाऱ्याचं नाव नाही, कुठला आधार नाही, फक्त 'प्रत्येक स्त्रीपर्यंत पोहोचवा' अशी विनंती.

तो माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. तिला बरीच वर्षं आमवात आहे. तिने पोछा माळ्यावर टाकला आणि ओलं फडकं घेऊन खाली बसली. उठताना दोघांनी हात द्यावा लागला आणि दुसऱ्या दिवशी मनगटं अशी सुजली की चहाचा कप धरवेना. म्हणून हे उत्तर.

आधी ते वंगण. सांध्यात एक द्रव असतो हे खरं. सांध्याच्या आतलं अस्तर तो तयार करतं. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण या द्रवातून होतं आणि हालचालीने ते नीट होतं, हेही खरं. मेसेजमधलं खरं इथे संपतं. त्या हालचालीसाठी उकिडवं बसावं लागत नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, खाली आणा; गुडघा हलला. उकिडव्या बैठकीत वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब पडतो. निरोगी गुडघा तो सोसतो. झिजलेला किंवा सुजलेला गुडघा सोसत नाही.

आमवातात तर गोष्ट नेमकी उलटी असते. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजतं आणि द्रव गरजेपेक्षा जास्त तयार होतो. गुडघ्यात पाणी झालं म्हणतात ते हेच. कधी डॉक्टरांना ते सुईने काढावं लागतं. ज्या बाईचा गुडघा द्रव वाढल्यामुळे टम्म फुगलाय, तिला द्रव वाढवायला उकिडवं बसायला सांगायचं! वयाने होणारी झीज, आमवात, पाठीतून उतरणारी कळ, पडल्यावरची जुनी दुखापत, सगळ्याला 'गुडघेदुखी' म्हणून एकच उपाय चिकटवणं हा या मेसेजचा सगळ्यात मोठा अपराध आहे.

खाली बसणाऱ्या समाजांत गुडघे चांगले राहतात का, याचं उत्तर शोधलं गेलेलं आहे. बीजिंगमध्ये साठीपुढच्या स्त्री-पुरुषांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढून ते अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या त्याच वयाच्या लोकांशी ताडून पाहिले. निष्कर्ष 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. चिनी स्त्रिया अंगाने हलक्या असूनही त्यांच्या गुडघ्यांची झीज अमेरिकन स्त्रियांपेक्षा जास्त निघाली. मग त्याच लोकांना विचारलं की पंचविशीत तुम्ही दिवसाचा किती वेळ उकिडवे बसत होता? 2004 मध्ये त्याचं उत्तर आलं. रोज तीन तास किंवा त्याहून जास्त बसणाऱ्यांमध्ये झिजेची शक्यता अर्ध्या तासाहून कमी बसणाऱ्यांच्या साधारण दुप्पट होती. थोडा वेळ बसणाऱ्यांत असा ठळक फरक नव्हता, हेही सांगते, म्हणजे कोणी भारतीय बैठकीच्या नावाने भांडायला येणार नाही. ज्यांना सहज जमतं त्यांनी खुशाल मांडी घालून जेवावं.

एवढं लांब जायचं नसेल तर चार-पाच घरांची धुणीभांडी, केरफरशी करणाऱ्या कुठल्याही बाईंना त्यांचे गुडघे कसे आहेत ते विचारा. मेसेज खरा असता तर गावात सगळ्यात धडधाकट गुडघे त्यांचे असते.

आणि फडकं पिळण्याचा त्या मेसेजमध्ये शब्दही नाही. आमवातात बोटं करंगळीकडे कलायला लागतात. पिळताना हात नेमका त्याच दिशेला रेटला जातो. म्हणून फडकं नळाच्या तोटीवर टाकून दोन्ही टोकं तळव्यांत धरून पीळ द्यायचा, किंवा न पिळता दोन तळव्यांमध्ये दाबायचं. त्याहून बरा दाबाने पिळला जाणारा पोछा. बादलीचंही तसंच. भरलेली बादली म्हणजे पंधरा-वीस किलो. ती उचलायचीच नाही. अर्धी भरायची आणि चाकांच्या स्टँडवर ठेवून ढकलायची.

आज्यांना दुखत नव्हतं, हे तर ऐकवत नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कष्टाच्या ओव्या वाचल्यावर ते दळण आरोग्यासाठी चाललं होतं असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही.

ब्राझीलच्या संशोधनाचा दाखला काहींनी मेसेजखाली जोडलाय: हात न टेकता जमिनीवरून उठणारे जास्त जगतात. 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांचा तो अभ्यास 2012 चा, आणि खरा आहे. पण ती परीक्षा आहे, उपचार नव्हे. ताप मोजल्याने उतरत नाही.

राहिला आळस. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाची 299 मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, पुरुष 97. पाच तास राबणारी बाई त्यातले तीन तास बसून राबली तर ती आळशी? ज्याचं अंग कायम दुखतं त्याच्याकडे दिवसाला ठरावीकच ताकद असते. ती फरशीवर संपली तर फिरायला जायला, गुडघ्याचे व्यायाम करायला काय उरणार? सांधे हलते ठेवावेत, स्नायू बळकट करावेत, हे मेसेजमधलं अर्धसत्य मला मान्य करावंच लागतं. झिजेच्या सांधेदुखीवर ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी आरोग्य संस्थेने 2022 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायाम हाच पाया आहे. पण व्यायाम तुमच्या मापाने असतो, दुखलं की थांबवता येतो. घरकाम थांबत नाही. शिट्ट्या झालेला कुकर उतरवावाच लागतो.

मावशीच्या स्वयंपाकघरात आम्ही काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. ओट्याला उंच स्टूल लावलं तर खालच्या ट्रॉल्यांमुळे गुडघे आत जात नाहीत आणि वाकून पाठ धरते. म्हणून एक ट्रॉली काढून टाकली. पोळ्या जेवणाच्या टेबलावर बसून लाटते, कणीक फूड प्रोसेसरमध्ये मळते. सांडशी बंद, कारण त्या पकडीत सगळा जोर अंगठ्याच्या सांध्यावर येतो. दोन कानांची भांडी आणि जाड हातमोजे. पातेलं उचलायचं नाही, ओट्यावरून सरकवायचं. रोजचे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर. नळाला लांब दांडीची तोटी, म्हणजे कोपरानेही उघडते. निवडलेली भाजी मिळते तिथून आणायची, आणि पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणायच्या दिवशी कुणाला कारण द्यायचं नाही. भांडी काका घासतात.

शेवटचा मुद्दा गोळ्यांचा, आणि इथे मला खरंच भीती वाटते. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या वेदनाशामक नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी सांधा खाणारी प्रक्रियाच दाबते. चार दिवस बरं वाटलं म्हणून ती सोडली तर आजार परत उसळतो, आणि एकदा वाकडा झालेला सांधा गोळ्या पुन्हा सुरू केल्याने सरळ होत नाही. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी नुसता डिलीट करू नये. ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे लिहावं की गोळ्यांबद्दलचं ते वाक्य चुकीचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध थांबवू नये. आणि ग्रुपमधल्या ज्या काकू-मावश्यांना आमवात आहे, त्यांना आजच फोन करून गोळी चालू आहे ना ते विचारावं.